रिटायरमेंटनंतरचा बौद्ध संघ : वृद्धाश्रम नाही, मग नक्की काय?

गेली काही वर्षं मुंबईतल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतो. जागा बदलते, कधी कर्जत, कधी शहापूर, कधी बदलापूरच्या पुढचं एखादं गाव, बाकी मजकूर तोच: निवृत्त बौद्ध बांधवांसाठी धम्म वसाहत, मध्ये विहार, बाजूने बाग, बुकिंग सुरू. खाली वीस-पंचवीस जोडलेले हात, दोघं विचारणार की सातबारा कोणाच्या नावावर आहे, त्याला उत्तर येत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या 'नमो बुद्धाय सुप्रभात'च्या फुलांखाली विषय गडप.

विषय गडप झाला तरी प्रश्न काही जात नाही. जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहतायत. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतोय, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या चाव्या पण दिल्या, चांगलंच झालं, पण पॅसेजमध्ये दार उघडं टाकून बसणारी म्हातारी माणसं आता वरच्या मजल्यावर बंद दारामागे गेली. आणि महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी वेगळे नियम काढल्यापासून 'सीनियर लिव्हिंग' हा शब्द जाहिरातीतून थेट विहाराच्या मीटिंगमध्ये आलाय. म्हणून हे सगळं म्हणजे नक्की काय, कायद्यात कुठे बसतं, पैसे कसे ठेवायचे आणि लोक जे आक्षेप घेतात त्यात किती दम आहे, हे एकदा नीट मांडतो.

हा प्रश्न आत्ताच का आला

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण ६५ लाख बौद्ध मोजले गेले, देशातल्या एकूण बौद्धांच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे त्या सुमारास जन्मलेलं पोर आज सत्तरीच्या घरात आहे. बौद्ध घरात वाढलेली ही पहिली पिढी, आणि आपल्यात मोठ्या संख्येने पेन्शन घेणारी पहिली पिढी पण हीच: महापालिका, रेल्वे, बेस्ट, गोदी, बँका, एलआयसी. यांचे बाप गिरणीत नाहीतर गोदीत राबले आणि काम सुटल्यावर गाठोडं बांधून गावाला गेले, तिथे बौद्धवाडीत भाऊबंद होते, म्हातारपण कसंबसं निघून गेलं. या पिढीला तो रस्ता उरला नाही, गावचं घर मे महिन्यात आठ दिवस उघडतं, बाकी वर्षभर कुलूप. पोरगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला, मुलगी सासरी, बायको किंवा नवरा गेलेला.

म्हणजे हातात थोडे पैसे आहेत, वेळ आहे, धम्म माहीत आहे आणि शेजार तेवढा गेलाय. ज्याला आपण बौद्ध संघ-निवास वगैरे मोठी नावं देतोय त्याची खरी गरज एवढीच आहे, गेलेला शेजार परत उभा करणं.

लोकलच्या ग्रुपवरून समजून घ्या

ज्याने तीस वर्षं एकाच वेळच्या लोकलने प्रवास केला त्याला संघ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. कोणीतरी जागा पकडतो, कोणाच्या घरचा डबा फिरतो, एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी फोन जातो, भांडण झालं तरी उद्या त्याच डब्यात उभं राहायचंय म्हणून मिटवावंच लागतं. या ग्रुपला ना ऑफिस असतं ना पावतीपुस्तक. तो टिकतो कारण माणसं रोज ठरलेल्या वेळी एकमेकांच्या समोर येतात, आणि रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात तुटतं ते नेमकं हेच.

निवृत्तांचा बौद्ध संघ म्हणजे तसलाच ग्रुप, त्यात तीन गोष्टी जास्तीच्या. सगळ्यांनी मान्य केलेलं शील म्हणजे वागण्याचे नियम, रोजची एकत्र वंदना किंवा ध्यान, आणि आजारपणात एकमेकांची जबाबदारी. काटेकोर बोलायचं तर संघ हा शब्द भिक्खू आणि भिक्खुणींसाठी, आणि घरात राहून पंचशील पाळणारे ते उपासक-उपासिका, पण मी इथे तो सैल अर्थाने वापरतोय, ज्यांना खटकेल त्यांनी मंडळ म्हणून वाचा.

वृद्धाश्रमात व्यवस्थापन सेवा देतं आणि आपण ती घेतो, इथे घेणारे आणि देणारे तेच. म्हणून वृद्धाश्रम वाईट असं अजिबात नाही, ज्याला चोवीस तास नर्सिंग लागतं त्याला ती सोय असलेली संस्थाच हवी.

धम्मात याबद्दल आहे तरी काय?

बरंच आहे, आणि आश्चर्य वाटेल इतकं व्यवहारी आहे.

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एका आजारी भिक्खूची गोष्ट येते. त्याला अतिसार झालेला, स्वतःच्याच घाणीत पडलेला, कोणी बघत नाही. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद विहारात फिरत असताना त्याच्यापाशी येतात. आनंद पाणी आणतो, बुद्ध पाणी ओततात, दोघं मिळून त्याला धुतात, एक डोक्याकडून एक पायाकडून धरून त्याला उचलतात आणि खाटेवर ठेवतात. मग बुद्ध बाकीच्यांना विचारतात, याची सेवा का नाही केली? उत्तर मिळतं की हा आमच्या काही उपयोगाचा नाही. त्यावर बुद्ध जे म्हणतात त्याचा आशय असा: तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

ही गोष्ट आपण पौर्णिमेला प्रवचनात ऐकतो आणि खिरीकडे वळतो. पण विनय तिथे थांबत नाही. पुढे सेवा करणाऱ्याचे पाच गुण दिलेत आणि पेशंटचे पण पाच दिलेत. सेवा करणाऱ्याला औषध तयार करता आलं पाहिजे, काय चालतं आणि काय चालत नाही हे कळलं पाहिजे, लोभापोटी नाही तर मैत्रीने केलं पाहिजे, मल-मूत्र-थुंकी-ओकारीची किळस वाटता कामा नये, आणि मधूनमधून धम्माचं बोलून रोग्याला उभारी देता आली पाहिजे. पेशंटने काय करावं? पथ्य पाळावं, प्रमाणात राहावं, औषध घ्यावं, दुखणं आहे तसं खरं सांगावं, वेदना सोसाव्यात. आता आपल्या घरातले शुगरवाले काका आठवा, जे गुपचूप पेढा खातात आणि विचारलं की 'काही नाही गं' म्हणतात. सेवा करणाऱ्यावर सगळं टाकून मोकळं होता येत नाही, पेशंटचीही ड्युटी आहे, हे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

एकत्र कसं राहायचं यासाठी मला सगळ्यात आवडतं ते मज्झिम निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहातलं चूळगोसिंग सुत्त. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघं भिक्खू सालवनात एकत्र राहत असतात, बुद्ध येऊन विचारतात की तुमचं आपसात जमतं का. उत्तरात कामाची वाटणी येते. भिक्षेहून जो आधी परत येतो तो आसनं मांडतो, प्यायचं आणि धुवायचं पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलंसुरलं आवरतो, भांडं धुतो, झाडून घेतो. प्यायच्या, धुवायच्या किंवा शौचाच्या पाण्याचा घडा रिकामा दिसला की ज्याला दिसला तो भरतो, एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. आणि दर पाचव्या दिवशी रात्रभर बसून धम्मावर चर्चा. अनुरुद्ध म्हणतो की मी माझ्या मनातलं बाजूला ठेवून या दोघांच्या मनासारखं का करू नये, असा विचार करतो, आणि बाकीचे दोघंही तेच सांगतात.

सोसायटीचे बायलॉज शंभर पानांचे असतात आणि त्यात 'घडा रिकामा दिसला की ज्याला दिसला त्याने भरावा' हे एक वाक्य नसतं. त्यामुळेच जिन्यातला बल्ब गेला की सहा महिने तसाच.

रोज भिक्षेला जायची गरज नसलेल्या आपल्यासारख्यांसाठी पण आयता साचा आहे, उपोसथाचा. पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमीला उपासकांनी पाचाऐवजी आठ शीलं पाळायची, दुपारनंतर जेवायचं नाही, दिवस वंदना-ध्यान-चर्चेत घालवायचा. श्रीलंकेत पौर्णिमेला, ज्याला ते पोया म्हणतात, सरकारी सुट्टी असते आणि पांढऱ्या कपड्यातली म्हातारी माणसं अख्खा दिवस विहारात बसलेली दिसतात. आपल्याकडे पौर्णिमा संध्याकाळी सात ते नऊ, त्यात सत्कार धरून.

कायद्यात हे कुठे बसतं? तीन वाटा आहेत

पहिली वाट, काहीच विकत घ्यायचं नाही. आहे त्या घरात राहायचं, विहार मध्यभागी धरून चालत जाता येईल एवढ्या अंतरातल्या दहा-पंधरा जणांनी आपसात करार करायचा. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात हे उद्या सुरू होऊ शकतं. एक साधी युक्ती सांगतो. सगळे रोज सकाळी ग्रुपवर 'जय भीम' टाकतातच, तर ठरवून टाका की नऊ वाजेपर्यंत ज्याचा जय भीम आला नाही त्याला फोन, फोन उचलला नाही तर जवळच्याने जाऊन दार वाजवायचं, आणि त्या जवळच्याकडे घराची दुसरी चावी असलीच पाहिजे. बाथरूममध्ये पडलेला माणूस रात्रभर तिथेच पडून राहतो ही आपल्या शहरातली सगळ्यात मोठी भीती आहे आणि तिच्यावर हा फुकटातला इलाज आहे.

दुसरी वाट ट्रस्टची. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदणी होते, मुंबईचं धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस वरळीला आहे. ट्रस्टची इमारत असली तर खोलीवर तुमची मालकी नसते, राहण्याचा हक्क असतो, तो पोराला वारशाने जात नाही. बऱ्याच जणांना हे ऐकून धक्का बसतो पण संघाच्या दृष्टीने हाच फायदा आहे, कारण खोली पुढच्या निवृत्त माणसाला मिळते. जागा विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, त्यामुळे एखाद्या उत्साही अध्यक्षाला परस्पर बिल्डरशी हातमिळवणी करणं अवघड जातं. तोटा काय? ट्रस्टी भांडले, नव्या ट्रस्टींची नोंद करायचा फेरफार अर्ज अडकला की वर्षानुवर्षं बँकेत सही कोणाची चालणार हेच ठरत नाही. हे आपल्या विहारांच्या बाबतीत किती वेळा झालंय ते मी सांगायला नको.

तिसरी वाट मालकीच्या फ्लॅटची, म्हणजे सहकारी गृहनिर्माण सोसायटी किंवा बिल्डरचा सीनियर सिटिझन प्रकल्प. इथे फ्लॅट तुमचा, विकता येतो, वारसाला जातो, आणि हीच मेख आहे. दहा वर्षांत निम्मे मूळ सभासद गेले की त्यांचे वारस फ्लॅट भाड्याने देणार नाहीतर विकणार, त्यात काही चूक नाही, तो त्यांचा हक्क आहे, पण मग खाली विहार आणि वर कॉल सेंटरवाली पोरं अशी ती बिल्डिंग होते. या वाटेने जायचंच असेल तर महारेराचे २०२४ चे नियम हातात घेऊन जा: लिफ्ट, रॅम्प, व्हीलचेअर जाईल असे ९०० मिलिमीटरचे दरवाजे, न घसरणारी फरशी, बाथरूममध्ये धरायला दांडे, लाइट गेली तर बॅकअप. हे ब्रोशरमध्ये असून भागत नाही, विक्री करारात लिहिलेलं पाहिजे.

आणि कर्जत-शहापूरच्या त्या मेसेजबद्दल. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, कलेक्टरची परवानगी लागते. म्हणून मग 'सध्या अमुक साहेबांच्या नावावर घेऊ, ते शेतकरी आहेत, नंतर ट्रस्टच्या नावावर करू' असं सुरू होतं. एका ग्रुपचं माझ्या माहितीत असंच झालं, साहेब सज्जन होते, पण ते वारले, त्यांच्या मुलांनी सांगितलं की सातबारावर आमच्या वडिलांचं नाव आहे, तुम्ही कोण? वर्गणीच्या पावत्या सगळ्यांकडे आहेत, जमीन नाही. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, संस्थेच्या नावावर, रजिस्टर खरेदीखत, आणि रात्री दोनला छातीत दुखलं तर किती मिनिटांत हॉस्पिटल, एवढं कळल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पैशाचं गणित, आणि नाशिकचा एक जुना शिलालेख

कॉर्पस फंड म्हणजे असा निधी ज्याचं मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. हे कोणा परदेशी युनिव्हर्सिटीचं डोकं नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, काळ इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, श्रेणी म्हणजे कारागिरांची संघटना, बँकेसारखं काम करायची. २००० वर महिना शेकडा एक व्याज, १००० वर महिना शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याजच खायचं, हे चक्क कोरून ठेवलंय.

आता हिशोब करा. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि लेख म्हणतो की या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. वीस गुणिले बारा, २४०. पैशाला पैसा जुळतो! शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे गावच्या व्यापारी-कारागिरांच्या सभेत, जाहीर केलं आणि फळ्यावर नोंदवलं असंही लिहिलंय, म्हणजे ठराव आणि रजिस्ट्रेशन दोन्ही. पंचाहत्तरीच्या वर असाल तर एसटी फुकट आहे, एकदा जाऊन बघून या.

आपलं गणित काढू. दहा जणांनी दोन-दोन लाख दान दिले तर २० लाख, साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला १ लाख ३० हजार, महिन्याला पावणेअकरा हजारांच्या आसपास. त्यात मुंबईत फ्लॅट येत नाही, पण दिवसभराच्या बाईच्या पगाराचा काही भाग, एखाद्या उपासिकेची औषधं, विहाराचं लाइटबिल एवढं निघतं. उषवदाताला २००० वर वर्षाला बारा टक्के मिळत होते आणि आपल्याला महागाई खाते, म्हणून सगळं व्याज खर्च करू नका, थोडं मुद्दलात परत टाका.

स्वतःचा महिन्याचा खर्च वेगळा. पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये २०२३ पासून एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के दर धरला तर महिन्याला साडेवीस हजार पडतात, पेन्शन नसलेल्याला तो मोठा आधार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन पैसे कधीच एका खात्यात, एका पावतीवर घेऊ नका. दान परत मिळत नाही. डिपॉझिट परत द्यावं लागतं. महिन्याचा खर्च त्या महिन्यात संपतो. वाद होतात ते बहुतेक वेळा देणाऱ्याने डिपॉझिट समजून दिलं आणि घेणाऱ्याने दान समजून खर्च केलं म्हणून.

"पोरं असताना हे कशाला? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणतीलच. पण शेजारच्या इमारतीत आपल्या माणसांसोबत राहणं म्हणजे पोरांनी टाकलं असं होत नाही, उलट बऱ्याच सुनांना आणि सासवांना थोडं अंतर मानवतं. मात्र घर पोराच्या नावावर करून हात हलवत संघात येऊ नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांभाळ न करणाऱ्याकडून मालमत्ता परत मिळवायला उपयोगी पडतं, पण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं असेल तर, म्हणून बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्या. आणि मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात. वारसाहक्काला बौद्धांनाही हिंदू वारसा कायदाच लागतो, त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर संघाला द्यायचं मनात होतं वगैरे कोणी ऐकणार नाही.

"बाबासाहेबांनी डोळे मिटून बसायला नाही सांगितलं"

हा आक्षेप मला वजनदार वाटतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच प्रश्न टाकलाय की भिक्खू हा परिपूर्ण माणूस व्हावा म्हणून आहे की समाजसेवक म्हणून, आणि त्यांचा कल कुठे आहे हे वाचणाऱ्याला कळतं. म्हणून निवृत्तांचा संघ म्हणजे चळवळीतून रिटायरमेंट असं झालं तर तो नकोच. पण विचार करा, दहा निवृत्त माणसं एका ठिकाणी म्हणजे एक माजी हेडक्लार्क, एक सिस्टर, एक शाळामास्तर, एक बँकवाले. जात पडताळणीच्या फॉर्मसाठी वणवण करणाऱ्या पोरांना अशा एका टेबलाची केवढी गरज आहे! सकाळी वंदना, अकरा ते एक टेबल.

विपश्यना की बावीस प्रतिज्ञा? आणि बोंबलाचं काय?

खरी भांडणं इथे होतात. एक इगतपुरीला दहा दिवस बसून आलेला, गोराईच्या पॅगोड्यात नियमित जाणारा, त्याला शांतता हवी. दुसरा भारतीय बौद्ध महासभेचा जुना कार्यकर्ता, त्याला त्रिशरण-पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा झाल्या की भाषण हवं. तिसरी बाई त्रिरत्न बौद्ध महासंघवाली, लोणावळ्याजवळच्या भाजे गावातल्या शिबिरांना जाणारी, तिला अभ्यासगट हवा. माझं मत: वंदना सगळ्यांची एक, ध्यान ज्याचं त्याचं, आणि दुसऱ्याच्या पद्धतीला नावं ठेवायची नाहीत हा नियम लेखी.

किचनबद्दल पहिल्याच मीटिंगमध्ये बोला. बुद्धांनी मांसाहारावर सरसकट बंदी घातलेली नाही. देवदत्त नावाच्या भिक्खूने तशी मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. भिक्खूने आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंका नसेल तर चालतं असा नियम ठेवला. पण शाकाहारी झालेले उपासकही आपल्यात आहेत आणि सुक्या बोंबलाचा वास तीन मजले चढतो. दोन शेगड्या, वेगळी भांडी, पौर्णिमेला सगळ्यांना शाकाहारी, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी तोडगा निघतो. दारूवर तोडगा नाही, ते पाचवं शील आहे.

"फक्त बौद्धांनाच? मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

कायद्याने असं करता येतं का, तर सहकारी सोसायटीला एका समाजापुरतं सभासदत्व ठेवता येतं असा निकाल सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये दिला. पण करावं का? आडनाव ऐकून खोली नाकारली जाणं काय असतं हे आपल्याला माहीत आहे, आणि पोटजातीवरून विहारात गट पडतात हेही माहीत आहे. मला वाटतं अट धर्माच्या दाखल्याची ठेवण्यापेक्षा पंचशील आणि रोजच्या वंदनेची ठेवा. ज्याला पाळायचंय तो येईल, मग तो कोणी का असेना, आणि ज्याला पाळायचं नाही तो दाखला असूनही टिकणार नाही. बायकांबद्दल एक, विहार चालवतं कोण हे बघितलं तर महिला मंडळच, पण ट्रस्टच्या यादीत बघा, सात पुरुष आणि एक वहिनी. सुरुवातीलाच निम्म्या जागा त्यांच्या ठेवा, खोल्यांची आणि बाथरूमची वाटणी त्यांना विचारून करा.

"अंथरुणाला खिळलो तर कोण बघणार?"

खरं उत्तर द्यायचं तर सत्तरीचा माणूस पंच्याहत्तरीच्या माणसाला सहा महिने उचलू शकत नाही. संघ मावशी लावेल, पाळ्या लावेल, हॉस्पिटलमध्ये रात्रीला कोणीतरी बसेल, पोरांना फोन करेल. पण स्मृतिभ्रंश वाढला, माणूस रात्री घराबाहेर पडू लागला, की नर्सिंगची सोय असलेल्या ठिकाणी हलवावं लागेल, आणि कोणत्या टप्प्यावर हलवायचं हे माणूस ठणठणीत असताना त्याच्याच सहीने लिहून ठेवलेलं बरं. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेलं असावं, २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर आहे.

व्हेंटिलेटर नको असेल तर तेही लिहिता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये असं इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. आपल्यात रिटायर न झालेले राजपत्रित अधिकारी कमी नाहीत, त्यांना विहारात बोलवा आणि एका दुपारी सगळ्यांचं उरकून टाका. अंत्यविधी कोण करणार, पोरगा पोचेपर्यंत थांबायचं का, राख कुठे, हेही त्याच कागदावर.

सुरुवात तीन महिन्यांपासून करा

जागा विकत घ्यायच्या आधी एक वर्षावास करून बघा. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खू एका जागी राहतात, मुंबईच्या पावसात म्हाताऱ्या माणसाला तसंही बाहेर पडवत नाही. विहाराजवळ दोन फ्लॅट तीन महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्सवर घ्या, एक पुरुषांना, एक बायकांना, करार रजिस्टर करा, सहा-आठ जण राहा. स्वतःची घरं सोडू नका. कोण पहाटे चारला उठून भांडी वाजवतो, कोणाला एकट्याने टीव्ही लागतो, कोणाचा हिशोब चोख आहे, हे तीन महिन्यांत कळतं. मीटिंगमध्ये तीन वर्षं बसून कळत नाही.

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात, म्हणजे प्रत्येक जण बाकीच्यांना स्वतःहून विनंती करतो की माझ्यात काही चुकीचं पाहिलं, ऐकलं किंवा शंका आली असेल तर सांगा. तशी एक बैठक शेवटच्या पौर्णिमेला घ्या, वयाने सगळ्यात मोठ्यापासून सुरुवात करा, चिडून उत्तर द्यायचं नाही एवढीच अट. गीझर चालू ठेवता, माझ्या कपात चहा पिता, वंदनेला फोन वाजतो, असंच बाहेर येईल बहुधा. ते ऐकून घेतल्यावरही ज्यांना पुढच्या वर्षी परत यावंसं वाटेल, त्यांची नावं घेऊन मग धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या ऑफिसात जा.